उतारा

मराठीतला एक शब्द तलाठ्याच्या दप्तरात, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, शाळेच्या प्रश्नपत्रिकेत आणि विंचू चावलेल्या माणसाच्या उशाशी सारख्याच हक्काने वावरतो. सातबाराचा उतारा निघतो. रुईचा उतारा क्विंटलमागे किती पडला यावर कापसाचा भाव ठरतो. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून आपण सगळे मोठे झालो. विषावर उतारा देतात, आणि दृष्ट काढून तिन्हीसांजेला चौकात ठेवतात तोही उताराच. नक्कल, उत्पन्न, वेचा, औषध, ओवाळणी एवढं सगळं एका शब्दात मावलं आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी नदी आहे. संस्कृत 'उत्' आणि 'तॄ' मिळून झालेल्या क्रियेचा अर्थ पाण्यातून पलीकडे निघणं. 'तरणे', 'तारू', 'तीर्थ' ही त्याच धातूची लेकरं. नदीला जिथून पायी जाता येतं त्या जागेला 'उतार' म्हणतात. ताप उतरतो, दुखण्याला उतार पडतो, कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर उतरतो. एका काठावरची वस्तू न बुडता दुसऱ्या काठाला लागणं ही कल्पना या साऱ्यांत टिकून आहे.

हा शब्द आज आठवण्याचं कारण वैद्यकातलं आहे. प्रयोगशाळेत किंवा चाचण्यांत लागलेला शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत आणण्याच्या कामाला इंग्रजीत 'ट्रान्सलेशनल रिसर्च' म्हणतात. गेल्या तीसेक वर्षांत हे नाव जगभर रूढ झालं. मराठीत त्यासाठी 'अनुवादात्मक संशोधन' असा शब्द घडवला, तर तो जिभेवर रुळत नाही आणि अर्थालाही पुरत नाही. 'अनुवाद' म्हणजे एकाच्या मागून दुसऱ्याने बोलणं, आणि इथे तर काहीतरी वाहून न्यायचं आहे. लॅटिन 'ट्रान्स' हे उपपद आणि आपला 'तॄ' धातू ही एकाच प्राचीन मुळाची दोन रूपं आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. तेव्हा त्या कामाला 'उतारा' म्हणणं हे शब्दशः खरं ठरतं. त्यात औषधही आहे, नक्कलही आहे आणि नदी ओलांडणंही आहे.

वर्धा जिल्ह्यात या विचाराला चांगली जमीन मिळते. विनोबांनी गीता मराठीत आणली ती १९३०-३१ मध्ये, वर्ध्यातच, आणि आईला समजावी या ओढीने. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली इथेच उभी राहिली. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून देशभरातल्या मुलामुलींना डॉक्टर करतं, आणि त्यासाठी त्यांना आधी खेड्यात नेतं, गाव दत्तक घ्यायला लावतं. केरळहून किंवा पंजाबातून आलेला विद्यार्थी इथे पहिल्यांदा मराठी शिकतो ती रुग्णाकडून, आणि त्या मराठीत दुखण्याचे शब्द सगळ्यात आधी येतात.

त्यातला एक पहिल्याच आठवड्यात कानावर पडत असणार: टोंगळा. 'टोंगळे दुखून रायले' असं सेलू किंवा देवळी तालुक्यातली बाई म्हणते तेव्हा ती गुडघ्यांबद्दल बोलत असते. पुण्यात छापलेल्या माहितीपत्रकात 'गुडघा' असतो. ती तो वाचू शकते, समजूही शकते, पण तिचं दुखणं गुडघ्यात नसतं, टोंगळ्यात असतं. 'ढोपर' तर याहून फसवा. घाटावर बहुतेक ठिकाणी तो हाताचं कोपर, कोकणात पायाचा गुडघा. महाराष्ट्रभर एकच मराठी प्रश्नावली वाटून 'ढोपर दुखतं का?' असं विचारलं, तर दोन वेगळ्या सांध्यांची उत्तरं एकाच रकान्यात गोळा होतील.

प्रश्नावलीचा उल्लेख सहज केलेला नाही. गुडघेदुखीवरचं औषध लागू पडलं की नाही, हे क्ष-किरणांच्या फोटोवरून ठरत नाही. फोटोत सांधा खूप बिघडलेला आणि माणूस सुखाने चालतो आहे, असं होतं. फोटो बरा आणि पाऊल टाकवत नाही, असंही होतं. म्हणून रुग्णालाच विचारावं लागतं. त्यासाठी जगभर वापरली जाणारी 'वोमॅक' ही मोजपट्टी कॅनडात १९८०च्या दशकात तयार झाली. तिच्यात चोवीस प्रश्न: पाच वेदनेचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या हालचालींचे. मोटारीत बसताना-उतरताना त्रास होतो का, मोजे घालताना, बाथटबमध्ये शिरताना? हे प्रश्न त्या मुलखातल्या लोकांसाठी अगदी योग्य आहेत. पण निंदणाला जाणाऱ्या बाईचा सारा दिवस खुरपं घेऊन उकिडवं बसण्यात जातो, आणि त्या बसण्याबद्दल मूळ प्रश्नावलीत अवाक्षर नाही.

'उकिडवं' हा शब्द फार जुना आहे. संस्कृतात 'उत्कुटक', जैनांच्या प्राकृतात 'उक्कुडुय', मराठीत 'उकिडवा', हिंदीत 'उकडू'. टाचांवर भार घेऊन बसण्याच्या या आसनाला अडीच हजार वर्षं नाव आहे, कारण इथल्या माणसांचा अर्धा दिवस त्यातच जात आला: चुलीपुढे, शेतात, शौचाला. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वोमॅकची मोजपट्टी भारतीय वापरासाठी बदलून घेतली तेव्हा अशा हालचालींना तिच्यात जागा मिळाली. त्याच गटाने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं, आणि रुमॅटॉइड संधिवाताचे रुग्ण साधारण अर्धा टक्का होते. पुढे सुंठ आणि गुळवेल यांवर आधारलेली आयुर्वेदिक औषधं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांची ४४० रुग्णांवर चोवीस आठवडे तुलना झाली. २०१३ मध्ये तिचा निष्कर्ष आला, की गुडघेदुखी कमी करण्यात आयुर्वेदिक औषधं बाकीच्यांच्या बरोबरीची ठरली. आयुर्वेदिक गटातल्या काही जणांच्या यकृताच्या तपासणीत विकराची वाढ दिसली आणि औषध थांबवल्यावर ती उतरली, हेही त्याच निबंधात नोंदलेलं आहे. चाचणी खरी असते तेव्हा ती दोन्ही गोष्टी सांगते. या साऱ्या आकड्यांच्या मुळाशी कुणीतरी कुणाला तरी मराठीत विचारलेला एक प्रश्न होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता 'वात'. सांध्यांच्या दुखण्याबद्दल मराठीत बोलायचं तर या शब्दाला वळसा घालता येत नाही. मूळ अर्थ वारा. दिव्यातली वात वेगळी, ती 'वर्ति'पासून आलेली. वाऱ्याचा वात मात्र शरीरात शिरला आणि मराठीत त्याने बराच पसारा मांडला. डाळ वातूळ असते, तापाच्या भरात माणसाला वात होतो, हट्टी पोर आईला वात आणतं. चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन आहे: सांधा सुजतो, हात लावला तर वाऱ्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा लागतो, आणि तो पसरताना-आखडताना दुखतो. ज्याने हे लिहिलं त्याने बोटांनी सुजलेले गुडघे चाचपलेले होते. सुजून दोन्ही बाजूंनी भरलेल्या गुडघ्याला जुन्या वैद्यांनी 'क्रोष्टुकशीर्ष' म्हटलं, म्हणजे कोल्ह्याचं डोकं. वरची मांडी आणि खालची पोटरी बारीक झालेली, मधला गुडघा फुगलेला, असा पाय पाहिलेल्या माणसाला या नावाचं स्पष्टीकरण लागत नाही.

युरोपात हीच दुखणी वाऱ्याऐवजी पाण्याने समजून घेतली गेली. ग्रीक 'ऱ्हुमा' म्हणजे प्रवाह. डोक्यातून दूषित रस खाली वाहतो आणि सांध्यांत साचतो, असा समज होता, त्यातून 'रुमॅटिझम' आला. फ्रेंच वैद्य बेयू याचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६४२ मध्ये छापलं गेलं, आणि तेव्हापासून हा शब्द सांध्यांच्या दुखण्याला चिकटला. 'गाउट' हे नाव लॅटिनमधल्या थेंबापासून. एकीकडे वाहणारं, दुसरीकडे फिरणारं. दोन्हीकडच्या लोकांनी एकच गोष्ट टिपली होती, की हे दुखणं एका जागी थांबत नाही, आज मनगटात तर उद्या घोट्यात.

'आमवात' हा त्याहून नेमका शब्द. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात त्याला स्वतंत्र रोग म्हणून जागा मिळाली. 'आम' म्हणजे कच्चं, न पचलेलं. मराठीत पोट बिघडून 'आव पडते', ती आव याच 'आम'ची लेक. पोटातलं काहीतरी न पचता राहिलं आणि ते सांध्यांत गेलं, असं त्या काळचं निदान होतं. आजचा वैद्य रुमॅटॉइड संधिवाताचं कारण शरीराच्या संरक्षणव्यवस्थेनेच सांध्याच्या अस्तरावर केलेल्या हल्ल्यात शोधतो. आतड्यांतल्या जिवाणूंचा त्याच्याशी काय संबंध आहे, यावरही आता काम चालू आहे. मात्र म्हणून जुन्यांना सगळं ठाऊकच होतं असं म्हणणं मला पटत नाही. त्यांचं निरीक्षण पक्कं होतं, त्यांच्याजवळ साधनं नव्हती, एवढं म्हटलं की त्यांचा मान राहतो.

अडचण उभी राहते ती आज. वर्तमानपत्रांत 'संधिवात' हा शब्द कधी सगळ्याच सांधेदुखीला वापरतात, कधी नुसत्या रुमॅटॉइडला. आयुर्वेदाचे वैद्य रुमॅटॉइडला 'आमवात' आणि वयोमानाच्या दुखण्याला 'संधिगत वात' म्हणतात. त्यात वर्ध्याच्या बाह्यरुग्ण विभागात हिंदी बोलणारा रुग्ण 'गठिया' घेऊन येतो, तो 'गाँठ'वरून आलेला, तिसराच. आणि सामान्य माणसाच्या तोंडी या सगळ्याला एकच नाव: वात. पंचवीस वर्षांच्या मुलीची बोटं सुजली, सकाळी मूठ वळेना, तर शेजारीण म्हणते, 'वात असंल, तेल लाव.' रुमॅटॉइडमध्ये पहिले काही महिने मोलाचे असतात. तेवढ्यात योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. त्या मुलीचे ते महिने 'वात' या शब्दाच्या भल्यामोठ्या छपराखाली निघून जातात.

आणि शोध चुकीच्या वाटेने आला तर काय होतं, तेही याच ठिकाणी पाहायला मिळतं. फिलिप हेंच या डॉक्टरने १९४८ मध्ये अमेरिकेत रुमॅटॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण काही दिवसांत चालू लागला. १९५० मध्ये केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासह त्याला नोबेल मिळालं. स्टिरॉइडचे दुष्परिणाम पुढे हळूहळू कळत गेले. आज 'वाताची पुडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनामी चूर्णांत हेच स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी घेतली की दोन दिवसांत दुखणं पळतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. नोबेल मिळालेला शोध बाजारहाटाच्या पथारीवर नाव पुसून पोचला. वजा झालं ते ज्ञान, उरला फक्त रेणू. याला उतारा म्हणता येणार नाही.

खरा उतारा किती सावकाश चालतो, ते मेथोट्रेक्सेटच्या कहाणीत दिसतं. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत फॉलिक ॲसिडवर काम करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून फॉलिक ॲसिडला विरोध करणारी संयुगं निघाली, आणि १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बरने त्यातलं अमिनोप्टेरिन रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं. १९४८ मध्येच सुब्बाराव वारले. १९५१ मध्ये गब्नर या डॉक्टरने तेच औषध रुमॅटॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि सांध्यांची सूज उतरली. पण सगळ्यांचे डोळे तेव्हा कॉर्टिसोनवर होते. अमिनोप्टेरिनचं भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटची पक्की चाचणी व्हायला १९८५ साल उजाडलं, आणि अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली १९८८ मध्ये. पहिल्या निरीक्षणापासून सदतीस वर्षं. आज ते रुमॅटॉइडचं पायाभूत औषध आहे, स्वस्त आहे, वर्ध्यातही मिळतं.

पण या औषधाला एक अट आहे. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं. रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं थांबतं, तोंड सोलवटतं, माणूस दगावू शकतो, आणि अशा चुका जगभर नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून नुसतं 'आठवड्यातून एकदा' न म्हणता वार ठरवून द्यावा, असं सांगितलं जातं. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं 'वीकली' आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांच्या मधे एक मराठी वाक्य हवं असतं. मला वाटतं, या भागात ते वाक्य फार जवळ आहे. गावागावाचा बाजाराचा दिवस ठरलेला असतो, आणि घरातलं म्हातारंकोतारं माणूसही तो कधी चुकत नाही. 'बाजाराच्या दिवशी रात्री जेवल्यावर' म्हटलं की गोळी रोज घेतली जाण्याची शक्यता फार कमी होते. सदतीस वर्षांचा प्रवास शेवटी या चार शब्दांवर येऊन थांबतो, आणि ते नीट बोलले गेले नाहीत तर वाया जातो.

'स्नायू'कडे जाता जाता पाहू. मराठी डॉक्टर 'स्नायू' म्हणतो तेव्हा त्याला हालचाल करणारं मांस अभिप्रेत असतं. हिंदीत आणि बंगालीत 'स्नायु' म्हणजे संवेदना वाहणारा मज्जातंतू, आणि मांसाला 'मांसपेशी'. मराठी माध्यमातून शिकलेला आणि हिंदीतून शिकलेला असे दोन परिचारक एकाच वॉर्डात असले तर 'स्नायू कमजोर झाला' या वाक्यातून दोन वेगळे आजार निघतात. मूळ सुश्रुतात तो या दोन्हींपैकी काहीच नव्हता. तिथे पाचशे पेशी वेगळ्या सांगितल्या आहेत, सातशे सिरा वेगळ्या, आणि नऊशे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. सुश्रुताने त्यासाठी नावेचा दाखला दिला आहे: फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव माणसांचा भार घेऊन पाणी तरून जाते, तसं सांधे स्नायूंनी बांधलेलं शरीर भार वाहतं. सांध्यांचेही त्याने आठ प्रकार केले. त्यातला 'उलूखल' हा खुब्याचा आणि खांद्याचा. उलूखलाचं मराठीत उखळ झालं, आणि आजही आपल्या शाळेच्या पुस्तकात तो 'उखळीचा सांधा' म्हणूनच आहे. हा मात्र उत्तम उतरलेला शब्द.

नावेचा तो दाखला मला पुढच्या शब्दासाठी हवा आहे. तो शब्द 'झीज'.

पन्नाशी-साठीतल्या बाईला गुडघ्याचा फोटो पाहून जे सांगितलं जातं ते बहुधा हेच: 'झीज झालीय.' कधी 'गॅप आलाय', कधी 'वंगण संपलंय'. ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मराठीने निवडलेला शब्द झीज हाच आहे. संस्कृत 'क्षीयते'चं प्राकृतात 'झिज्जइ' झालं आणि मराठीत 'झिजणे'. क्षय आणि झीज सख्खी भावंडं. पण मराठी मनात झिजण्याला आणखी एक अर्थ आहे. चंदन झिजतं, आई संसारासाठी झिजते, कार्यकर्ता समाजासाठी झिजतो. झिजणं हे आपल्याकडे पुण्य आहे, आणि पुण्यावर कुणी इलाज करत नाही. 'आता काय, झिजलो' असं म्हणून बाई उठते ती उपचार नाकारून उठत नाही. तिला मिळालेला शब्दच तिला सांगत असतो, की झिजलेली वस्तू परत भरत नाही, ती जपून वापरायची आणि शेवटी बदलायची.

संशोधन याच्या बरोबर उलट बोलतं. ऑस्टिओआर्थ्रायटिस हा चाकाच्या धावेसारखा नुसता घासून जाण्याचा प्रकार नाही. त्यात कूर्चा, तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचे स्नायू हे सगळे सामील असतात. तिथे दाह असतो, हाड नव्याने वाढतं, शरीराचा दुरुस्तीचा प्रयत्न चालू असतो. सांधा जिवंत असतो. आणि गेल्या काही दशकांच्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेली गोष्ट अशी, की मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम गुडघ्याची वेदना कमी करतो आणि चालणं सुधारतो. वजन जास्त असेल तर ते घटवल्यानेही फरक पडतो. जगभरच्या उपचारसूत्रांत व्यायाम पहिल्या पायरीवर आहे, औषधं त्याच्या नंतर, शस्त्रक्रिया शेवटी. सांधेबदलाची शस्त्रक्रिया चांगलीच आहे, ज्यांचा सांधा खरोखर निकामी झाला त्यांचं आयुष्य ती बदलते. पण 'झीज' हा शब्द ऐकलेला माणूस पहिली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीकडे पाहतो, किंवा कुठेच पाहत नाही. फळ्यांकडे बघत बसतो आणि दोर आवळायचे राहून जातात.

हा उपचार महाग नाही, त्याला यंत्र लागत नाही. तरी तो खेड्यात उतरत नाही, आणि त्याचं एक मोठं कारण मला शब्दात दिसतं. 'व्यायाम करा' म्हटलं की दिवसभर निंदण करून, डोक्यावर भारा आणून, रात्री भाकरी थापणारी बाई चकित होऊन बघते. तिच्या लेखी दिवसभर तेच तर चाललंय. संस्कृत 'व्यायाम' म्हणजे ताणणं, पसरणं. तिच्या जगात त्या शब्दाची जागा 'कष्टा'ने घेतली आहे. कष्ट गुडघ्यावर भार टाकतात आणि व्यायाम तो भार पेलणाऱ्या स्नायूला बळ देतो, हा फरक तिला कुणी तिच्या बोलीत सांगितलेला नसतो. पाय लांब करून खाटेवर बसायचं, टोंगळ्याखाली घडी घातलेलं लुगडं ठेवायचं, ते खाली दाबायचं, मांडी घट्ट झाली की दहा मोजायचे आणि सोडायचं. एवढं सांगायला 'क्वाड्रिसेप्स'ही लागत नाही आणि 'व्यायाम'ही.

शब्द उतरला की काय होतं, हे वर्ध्याने स्वतः पाहिलेलं आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं, त्याचं मुख्यालय वर्ध्याला, आणि डॉ. वर्देकरांनी सेवाग्रामच्या आसपास जी पद्धत बसवली ती पुढे देशाने उचलली: पाहणी, शिक्षण, उपचार. कुष्ठरोगात जंतू नसांत शिरतात, नसा मेल्या की हाताचे बारीक स्नायू लुळे पडतात, बोटं आत वळतात, पाऊल लोंबतं. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाअखेर कंडरा एका जागेवरून दुसऱ्या जागी बसवून अशी बोटं उघडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पण सगळ्यात मोठं काम होतं ते हात वाकडा होण्याआधी माणसाने दवाखान्यात यावं, हे. कुष्ठावरच्या सल्फोनच्या गोळ्या होत्या, पण त्या ज्याने घ्यायच्या तो माणूस घरात लपून बसला होता, कारण रोगाचं नाव महारोग होतं. तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव नेला तो साधा शब्द: चट्टा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्श कळत नाही. वैद्यकाच्या पुस्तकातलं लांबलचक लक्षण बधिर चट्टा या दोन शब्दांत आलं आणि भिंतींवर रंगवलं गेलं. माणसाला स्वतःच्या दंडावर, बायकोला नवऱ्याच्या पाठीवर, शिक्षकाला मुलाच्या गालावर तो शोधता येऊ लागला. रोगाचं भीतिदायक नाव न घेता तपासणीला जाता येऊ लागलं. जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. या भिंतीवरच्या दोन शब्दांनी किती हात वाचवले, त्याचीही आठवण ठेवायला हवी.

सांध्यांच्या दुखण्यांना असा 'चट्टा' अजून मिळालेला नाही. आणि उचलून आणलेला कुठलाही शब्द चालत नाही, याचं उदाहरण हाडाशीच आहे. शासकीय भाषेत 'अस्थिरोग विभाग' असतो. पण बोलत्या मराठीत 'अस्थी' म्हणजे चितेतून वेचलेल्या. त्या नदीत सोडतात. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये पवनारला धाम नदीत सोडल्या गेल्या. जित्या माणसाच्या अंगात असतं ते हाड. म्हणून पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक 'हाडाच्या डॉक्टर'कडे जातात, आणि ते बरोबरच करतात. मोडलेल्या हाडावर बांधायच्या कांडवेलीला संस्कृतात 'अस्थिसंहार' म्हणतात. तिथे संहाराचा अर्थ एकत्र आणणं असा होता. मराठीत संहार फक्त नाशाचा उरला, त्यामुळे आज ते नाव ऐकून घाबरायला होतं. मराठीने त्याच वेलीला 'हाडसंधी' म्हटलं आणि अर्थ सांभाळला. बनारसला उडुपा आणि प्रसाद यांनी १९६०च्या दशकात तिच्यावर प्रयोग करून हाड जुळण्याचा वेग तपासला. नाव कधीच उतरलं, उपचार मात्र अजून प्रयोगाच्याच काठावर आहे.

सांधेदुखीसाठी हवा तो शब्द बनवण्याची गरज नाही असं मला वाटतं, तो बाह्यरुग्ण विभागात रोज बोलला जातो. 'सकाळी उठल्यावर टोंगळे आखडतात, चार पावलं चालली की मोकळे होतात.' 'आखडणे' आणि 'मोकळे होणे' या जोडीत झिजण्याची हताशा नाही. आखडलेलं मोकळं होऊ शकतं, चालल्यानेच मोकळं होतं, आणि चाचण्या तेच सांगतात. 'तुमचे गुडघे झिजले' याऐवजी 'तुमचे टोंगळे आखडलेत, भोवतालची मांडी कमजोर झालीय, ती घट्ट करू' असं म्हटलं तर ते वैद्यकदृष्ट्या अधिक खरं आहे आणि त्यातून पुढे काय करायचं तेही निघतं.

शिवाय या जोडीत निदानही दडलेलं आहे. वयोमानाच्या गुडघेदुखीत सकाळचं आखडणं साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं. रुमॅटॉइडमध्ये ते तासभर किंवा त्याहून अधिक राहतं. म्हणून डॉक्टर विचारतात, किती मिनिटं? उठल्याबरोबर घड्याळ न बघणाऱ्या बाईला याचं उत्तर देता येत नाही आणि ती अंदाजाने काहीतरी सांगते. पण आपल्या भाषेत 'घटकाभर' आहे, आणि जुन्या मोजणीत घटका म्हणजे चोवीस मिनिटं. 'घटकाभरात मोकळं होतं' म्हणणारीला मांडीचा तो साधा व्यायाम शिकवावा. आणि 'झाडलोट झाली, चहा झाला, डबे भरून पोरं शाळेत गेली तरी मूठ वळत नाही' असं जी म्हणते, ती पंचविशीतली असो की पन्नाशीतली, तिला त्याच दिवशी रक्ततपासणीला पाठवावं.